पासपोर्ट छापणाऱ्याचा पासपोर्ट

मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढली. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुणालाही वर्तमानपत्र आठवत नाही, आठवते ती इंडिया सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर इथे छापले गेले, आणि भारताच्या पासपोर्टची कोरी पुस्तिकाही इथलीच. त्यामुळे पासपोर्टाबद्दल मला कुणी शिकवावं, हे मला मान्य नव्हतं. ज्याच्या घरी पीठ दळतात, त्याला भाकरी कसली दाखवता?

लेक नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. "बाबा, एप्रिलमध्ये या, ट्युलिप बघू," म्हणाली. लगेच हिनं व्हिसाचे नियम कागदावर काढून आणले आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसली. "अहो, ऐका. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा. फी ९० युरो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अर्ज सहा महिन्यांच्या आत, पण निदान १५ दिवस आधी." मी पेपरातून मान वर न काढता हुंकार देत होतो. "पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, आणि तिथून निघायच्या तारखेनंतर..."

"पासपोर्टचं मला सांगू नकोस," मी म्हणालो. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

मला खरी काळजी होती ती आमच्या पत्त्याची. आम्ही राहतो जेल रोडला. परदेशी साहेबाला वाटायचं, माणूस नुकताच सुटून आलाय.

बाकी शेंगेन व्हिसाची मला भीती नव्हती. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांचं एक लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सरहद्दी खुल्या करायच्या करारावर सह्या केल्या. द्राक्षाच्या गावानं द्राक्षाच्या जिल्ह्याला अडवायचं काय कारण? आमच्या मेहुण्यांची निफाडची द्राक्षं तर दरवर्षी रॉटरडॅमला जातात. त्यासाठी बागेची नोंदणी करा, मण्यांत औषधाचा अंश उरलाय का ते प्रयोगशाळेत तपासून घ्या, एवढा कागदांचा ढीग त्यांना सांभाळावा लागतो. त्यावरून मी त्यांची नेहमी चेष्टा करायचो. ते एवढंच म्हणायचे, "दाजी, तिकडून माल परत येण्यापेक्षा इथंच तपासलेला बरा."

ठरल्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. फाइल एवढी जाड, की शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "जमिनीची केस का?"

काउंटरवर लेकीच्या वयाची मुलगी होती. तिनं माझा पासपोर्ट हातात घेतला. कव्हरवरचा सोनेरी ठसा बघून तिला त्याबद्दल दोन शब्द सांगावेत असं माझ्या मनात आलं, तोवर तिनं पान उघडलंसुद्धा. मुदत : २० जुलै. परतीचं तिकीट : १४ मे. मग तिनं बोटाच्या पेरांवर महिने मोजले, आपली आजी एकादश्या मोजायची तसे.

"काका, तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने मुदत लागते. तुमचे दोन महिने सहा दिवसच भरतात."

"पण पासपोर्ट चालू आहे!"

"चालू आहे, पण चालणार नाही."

मी ठेवणीतला हुकमी पत्ता काढला. "मी प्रेसमधून रिटायर झालोय."

"कुठल्या पेपरच्या?" तिनं आदरानं विचारलं.

हिचा पासपोर्ट अजून चार वर्षं चालणारा होता, कारण तो तिनं स्वतः काढला होता. माझा माझ्या कपाटात असतो आणि त्या कपाटाच्या किल्लीला घरात कुणी हात लावत नाही. परतीच्या गाडीत ही एक अक्षर बोलली नाही. कसारा आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "...किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी. माझं वाक्य अर्धं राहिलं होतं."

मग नवा पासपोर्ट. ज्या प्रेसचा भोंगा ऐकत आयुष्य गेलं, तिथली कोरी पुस्तिका पासपोर्ट ऑफिसला गेली, तिथे तिच्यावर माझं नाव चढलं आणि स्पीड पोस्टानं ती परत जेल रोडला आली. ती येईपर्यंत ट्युलिप सुकले होते. मेहुण्यांची द्राक्षं मात्र वेळेवर जाऊन, विकली जाऊन, त्यांचा हिशेबही झाला होता.

आता पुढच्या एप्रिलची तयारी चालू आहे. नव्या पासपोर्टवर युरोपचा शिक्का नीट उमटेल ना, असं मी लेकीला विचारलं, तर ती हसली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्यानं शिक्का बंद होऊ लागला. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे संगणकावर घेतात. चौतीस वर्षं शाईच्या वासात काढली, आणि माझी पाळी आली तेव्हा युरोपला शाईच नको झाली!

तेव्हा तिकीट काढण्याआधी कपाटातला पासपोर्ट बाहेर काढा, मुदतीच्या तारखेतून तीन महिने वजा करा, आणि त्याच्या आत घरी परत येत असाल तरच पुढे जा. आणि घरात कुणी नियम वाचून दाखवत असेल, तर वाक्य पूर्ण होऊ द्या.