डव्हटेल, वीव्हर आणि काका

आमच्या सोसायटीतल्या दुर्बिणकाकांच्या घरी फ्रीज घ्यायचं ठरलं गुढीपाडव्याला आणि फ्रीज आला दिवाळीच्या पाडव्याला. मधला सगळा उन्हाळा काकूंनी माठावर काढला. त्या काळात काका आमच्या भागातल्या सिल्व्हर पार्क ते गोल्डन नेस्ट पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानात फ्रीजची दारं उघडून-मिटून आले. दुकानदार त्यांना कंपनीचा इन्स्पेक्टर समजत. वस्तू घरात आली की मात्र काकांचा तिच्यावरचा जीवच उडतो. फ्रीजमध्ये काय आहे, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

काका पश्चिम रेल्वेतून टीसी म्हणून निवृत्त झाले. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. हा पठ्ठ्या रेल्वेत टीसी आहे, हे टीव्हीवर ऐकल्याबरोबर काका खुर्चीतून उठले. ‘आपल्या खात्यातला!’ तो मध्य रेल्वेचा आणि काका पश्चिम रेल्वेचे. एरवी मध्य रेल्वेचं नाव काढलं की काका नाक मुरडत, पण त्या दिवशी सगळं माफ होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी छऱ्याची एअर रायफल आणली. पॉइंट 177 बोअरची, स्प्रिंगवाली. ताकद 20 ज्यूलच्या आत, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. ही खरेदी एका दुपारीत उरकलेली पाहून काकू घाबरल्या. ‘तब्येत बरी आहे ना?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. काका म्हणाले, ‘रायफल काय, कुणीही निवडेल. खरा प्रश्न पुढेच आहे. हिच्यावर दुर्बीण बसवायची कशी?’

इथून काकांना बहर आला.

सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरावं, तर काका वॉचमनला समजावत असायचे. ‘हिच्या पाठीवर 11 मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे. दुर्बीण धरून ठेवणारा पिकॅटिनीचा माउंट तिच्यावर बसत नाही. मध्ये अडॅप्टर घालावा, तर दुर्बीण उंच जाते. उंच गेली की गाल दस्त्याला टेकत नाही. गाल टेकला नाही की डोळा एका जागी राहत नाही. आणि डोळा हलला की नेम गेला!’ वॉचमन हातातलं रजिस्टर मिटून म्हणाला, ‘मग काका, दुर्बीण नकोच ना.’ काकांनी त्याच्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

वीव्हर आणि पिकॅटिनी या माउंट बसवायच्या पट्ट्यांमधला फरक तर त्यांनी अख्ख्या सोसायटीकडून घोकून घेतला. दोन्ही पट्ट्यांना आडव्या खाचा असतात. वीव्हरच्या अरुंद, पिकॅटिनीच्या रुंद आणि ठरलेल्या अंतरावर. ते माप अमेरिकी लष्करानं 1995 साली पक्कं केलं. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, पण पिकॅटिनीची वीव्हरवर बहुधा बसत नाही. हे सांगून झालं की काका खास आपल्या खात्यातला खुलासा करत: ‘फर्स्ट क्लासचा पासवाला सेकंडच्या डब्यात चालतो. सेकंडवाला फर्स्टमध्ये शिरला तर मी काय करायचो?’ समोरचा नकळत खिसा चाचपायचा.

स्प्रिंगच्या रायफलीचं दुखणं आणखी वेगळं. बाकीच्या रायफली नुसता मागे धक्का देतात. ही आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन हिसके देते. त्या हिसक्यांनी माउंट खाचेवरून हळूहळू मागे सरकत जातो, कधी दुर्बिणीच्या आतल्या काचाही ढिल्या होतात. म्हणून माउंटला खालून स्टॉप पिन हवी आणि ती रुतायला रायफलीला भोक हवं. मग अखंड माउंट घ्यावा की दोन सुट्या रिंगा? नळी एक इंचाची की 30 मिलिमीटरची? रिंग बुटकी, मध्यम की उंच? काकांनी वहीत रकाने आखले. वही संपली. दुसरी आणली.

शेवटी माउंट आला. स्टॉप पिनवाला, अखंड. काकांनी स्क्रू स्पिरिटनं पुसले. ॲलन की घेऊन डावीकडचा पाव फेरा, मग उजवीकडचा पाव फेरा, असं करत रिंगा आवळल्या. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवून पाहिलं. मग काकूंच्या लाल नेलपॉलिशनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला की रेघ मोडते आणि चोर सापडतो.

दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी आहे की नाही, हे बघायला ओळंबा लागतो. तो काकांनी समोरच्या जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडला आणि रायफल घरातल्या टेबलावर ठेवून ते दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहू लागले. रायफल कुणाला दिसली नाही. ओळंबा मात्र सगळ्यांना दिसला. बिल्डिंगला ओळंबा लावला म्हणजे रीडेव्हलपमेंट आलं! संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ‘एरिया किती वाढवून देणार?’, ‘भाडं ॲडव्हान्स की महिन्याला?’ अशी विचारणा सुरू झाली. तळमजल्यावरच्या आजींनी तर पार्किंगही मागून ठेवलं.

इतकं झालं, पण छर्रा काही सुटेना. घरात उडवायला काकूंची सक्त मनाई. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ‘तेवढी कबुतरं बघा ना’ म्हणून सुचवलं, तेव्हा मुक्या जिवाला छळणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे काकांनी त्यांना कलमासकट ऐकवलं. राहिली वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. तिचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, ‘पण काका, कुसाळेच्या रायफलीला दुर्बीण नसतेच. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे एक कडं, बस्स. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही.’

‘माहीत आहे की,’ काका शांतपणे म्हणाले. ‘पहिल्या दिवसापासून.’

‘मग हे सगळं कशासाठी?’

‘अरे, चांगला माउंट निवडायला नको?’

इकडे ओळंब्याचा वास लागून एका बिल्डरचा माणूस खरंच येऊन थडकला. घाईघाईनं कमिटी बसली आणि तिनं काकांना एकमतानं आपल्यात घेतलं. त्या माणसानं गुळगुळीत कागदावर छापलेला जिम, जलतरण तलाव आणि पोडियम टेबलावर पसरला. काकांनी चष्मा पुसला.

‘लिफ्टच्या रेलचे बोल्ट किती टॉर्कला आवळणार?’

‘सर, सगळं एकदम टॉप क्लास असेल.’

‘ते माप नाही झालं,’ असं म्हणून काकांनी नवी वही उघडली आणि रकाने आखायला घेतले.

त्याच रात्री काकूंनी जिन्यात भेटेल त्या प्रत्येकीला सांगून टाकलं, ‘घरं रंगवायची राहिली असतील तर खुशाल रंगवून घ्या.’