वडापची पावती

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'रिसर्च मॅनेजर, पब्लिक हेल्थ' असं छापलंय. कागद जाड, अक्षरं उठावाची. कार्ड देताना मी किंचित मान झुकवतो. त्यात नम्रता काही नाही. समोरचा ते नीट वाचतोय ना, एवढंच बघायचं असतं. वाचून झालं की तो विचारतो, "म्हणजे डॉक्टर का?" मी "तसं नाही, पण..." म्हणेपर्यंत शुगरचा रिपोर्ट पुढ्यात आलेला असतो. सासुरवाडीत माझी ओळख 'आरोग्य खात्यात मोठ्या पोस्टवर' अशी आहे. ती मी फारशी खोडत नाही.

एमपीएच करताना डोळ्यांसमोर हाफकिन होते. मुंबईत प्लेग थैमान घालत असताना त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. आपणही असंच काहीतरी करणार, फक्त टोचून न घेता, असा माझा बेत होता. हाफकिनना एक सोय होती, त्यांना मॅनेजर नव्हता. आज कामाला हात घालायचा तर आधी एथिक्स कमिटी. एखाद्या औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदणी. पैसा परदेशातून येणार असेल तर केंद्राच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी, आणि एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच. त्यातही प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत बसवायचा. 2020 पर्यंत ही मर्यादा 50 टक्के होती. प्रशासकीय खर्च म्हणजे कोण, तर मी.

पण या सगळ्याहून अवघड गोष्ट म्हणजे वडापची पावती.

आमचं फील्ड जत तालुक्यात. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. मधला सगळा दिवस वडापचा. 'एकच शीट, एकच शीट' असा पुकारा चालू असतो, जीप शिगोशीग भरेपर्यंत हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या जगातल्या कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये सापडायची नाही. प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर मात्र 'पावती क्रमांक' असा रकाना आहे. म्हणून मी ड्रायव्हरला पावती मागितली. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "सायेब, पावती पायजे तर यष्टीनं जावा की." फारच गळ घातली तेव्हा त्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं : 'सायबास्नी इथनं तितं सोडलं. तीस रुपय घेतलं. खरं हाय.' याहून प्रामाणिक दस्तऐवज माझ्या फायलीत दुसरा नाही. ऑडिटरनं तो परत पाठवला. शेरा : अनुक्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही.

मग मी मॅनेजरसारखा विचार केला. सगळ्या टीमचं महिन्याचं भाडं एकदम द्यायचं आणि एकच पावती घ्यायची. पण रक्कम पाच हजारांवर गेली, म्हणजे रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर सही हवी. पोस्टातून तिकीट आणलं, थुंकी लावून चिकटवलं, पेन पुढे केलं. ड्रायव्हर चार पावलं मागे सरला. "तिकिटावर सही केली की कोर्टात जातंय ते. आमच्या चुलत्याचं रान असंच गेलं." ज्या तालुक्यात पंधरा पानांच्या संमतिपत्रावर आम्ही शेकडो अंगठे घेतले, तिथे मला एक सही मिळेना!

यावरून मीही पुष्कळ दिवस हसलो. मग एक व्हाउचर आलं आणि हसू आटलं.

घरी मृत्यू झाला आणि डॉक्टरचा दाखला नसला, की आमची कार्यकर्ती काही आठवड्यांनी त्या घरी जाते. ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, बाळ दूध ओढत होतं का, असं एकेक विचारते. याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. उत्तरांवरून पुढे डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवतात. आमच्या ताई अशाच एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. प्रश्न तासाभरात संपले, पण ती बाई बोलायची थांबेना. इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ताई बसून राहिल्या. शेवटची वडाप चुकली. रात्री स्पेशल गाडी करून, पदरचे पैसे घालून त्या घरी गेल्या. त्यांच्या व्हाउचरवर लाल पेनानं शेरा आला : 'विलंबाचे कारण नमूद नाही.' काय नमूद करायचं होतं त्यांनी?

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'नं 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगानं वाचला. त्या गावांत बाळांचं वजन करायला, श्वास मोजायला जात होत्या गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका. आमच्या धंद्यातलं संशोधन असंच होतं : विचारणारी एक बाई आणि सांगणारी दुसरी.

आमचाही पेपर छापून आला. आंतरराष्ट्रीय नियम असा, की नुसता पैसा उभा केला, देखरेख केली किंवा कार्यालयीन मदत केली, एवढ्यानं कुणी लेखक होत नाही. माझा सगळा बायोडेटा या एका वाक्यात बसतो. तेव्हा मी शेवटच्या पानावर, आभारात. पीडीएफ दोनशे टक्के मोठी करून मी माझं नाव बायकोला दाखवलं. तिनं पुढची ओळ वाचली, 'तसेच फील्ड टीमचे आभार', आणि विचारलं, "यात ताईंचं नाव कुठाय?"

पुढच्या पेपरात नावं घातली आहेत, सगळी. जर्नलनं शब्दमर्यादेची आठवण करून दिली; मी माझं पदनाम कापलं.

या क्षेत्रात येऊ म्हणणाऱ्या मुलामुलींनी जरूर यावं. बायोस्टॅटिस्टिक्स शिका, इंग्रजी सुधारा, कार्डही हवं तेवढं जाड छापा. फक्त बजेट करताना 'स्थानिक प्रवास' या ओळीत हात सढळ ठेवा, फील्डवरच्या बायकांचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, आणि वडापवाल्याला पावती मागू नका.