तयार नमुन्यास अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत तयार नमुना,
मुक्काम : कचेरीबाहेरच्या टायपिस्टचा कॉम्प्युटर, डी ड्राइव्ह.

सा. न. वि. वि.

आपल्या कर्तबगारीला तोड नाही. भाडेकरार असो, प्रतिज्ञापत्र असो की मृत्युपत्र, आपण आहात तसेच राहता, फक्त नावं बदलतात. कधी कधी तीही नाही. परवा एका करारात पहिल्या पानावर भाडेकरू जाधव होते, चौथ्या पानावर त्यांचे नाईक झाले आणि सहीपाशी येईतो पुन्हा जाधव. परिशिष्टात तीन पंखे, एक गिझर आणि एक सागवानी झोपाळा. त्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगायला कडीसुद्धा नाही. पण घर सोडताना तो सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी जाधवांनी (की नाईकांनी) राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता स्वीकारली आहे. दडपण खरंच नव्हतं. मागे रांग होती आणि टायपिस्ट ‘इथं सही, इथं सही, मागच्या पानावर पण’ म्हणत होता, एवढंच.

आपलं सर्वांत थोर कार्य मात्र ‘अकरा महिने’. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. तेव्हा अकरा महिने लिहिलं की सुटलो, हे शहाणपण आपण घराघरांत पोचवलंत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या फाइलमध्ये अजून शिरलेला दिसत नाही. त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन. नोंदवायचा घरमालकाने, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा गोल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पण हे घरमालकाला सांगायला गेलं की तो लाल शिक्क्यावरून मायेनं बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘आमचं सगळं लीगल आहे हो.’

स्टँप पेपरवर तर आपली भक्तीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या आयाबायाही पाचशे मोजू लागल्या. वास्तविक सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनाच ते पुन्हा सांगावं लागलं. साध्या कागदावर लिहिलेलं खरं असतं यावर आपला विश्वास नाही, हे मी समजू शकतो.

मृत्युपत्राचंही तेच. ते साध्या कागदावर चालतं, हातानं लिहिलेलं चालतं आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. कायदा हटून बसतो तो दोन साक्षीदारांपाशी. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिली पाहिजे, निदान ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या पाहिजेत. आपण मुद्रांक लावता, हिरवी दोरी ओवता, पानापानावर शिक्के मारता आणि साक्षीदारांसाठी दोन रेघा मोकळ्या सोडता. त्यावर शेजारच्या चहावाल्याची सही येते. उद्या भावंडं कोर्टात गेली की मृत्युपत्र शाबीत करायला साक्षीदार हयात असेल तर त्यालाच पिंजऱ्यात उभं करावं लागतं. तोवर चहाची गाडी तिथे असेलच, असं आपण कशाच्या भरवशावर धरता?

आपल्याला निवृत्त व्हा म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. आपल्यावाचून कचेरीतलं कामकाज दुपारच्या आत थांबेल. विनंती एवढीच, की कोरी जागा कोरीच ठेवत जा; मागच्या गिऱ्हाईकाचा संसार तीत सांडू नका.

आणि सही करणाऱ्यांनो, मसुदा आदल्या दिवशी घरी मागवून घ्या, जेवण झाल्यावर दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा आणि मगच मशीनवर अंगठा टेकवा. नोंदणीनंतर चूक सापडली तर पेनानं खोडून चालत नाही. चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्याचाही नमुना तयार आहे.

कळावे,
आपला,
‘लिहून देणार’