कोरड्या कालव्याचं गाव

आयर्लंडच्या मेयो काउंटीतलं काँग हे गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फारसा वेळ लागत नाही; अट एवढीच, की वाटेत कोणी भेटता कामा नये. पण कोणीतरी भेटतंच, आणि पावसाबद्दल बोलल्याशिवाय सोडत नाही. दोघंही भिजत असतो, तरी विषय पावसाचाच. मोटारवाले अनोळखी माणसालाही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम घालतात. दुसरं बोट उचलायला बहुधा नातं लागतं.

1951 साली जॉन फोर्डने इथे जॉन वेन आणि मॉरीन ओहाराला घेऊन 'द क्वाएट मॅन'चं चित्रीकरण केलं. गाव अजून त्या शूटिंगमधून बाहेर आलेलं नाही. सिनेमातला 'पॅट कोहनचा बार' म्हणजे तेव्हाचं किराणा दुकान. बदलली होती ती फक्त पाटी. शेवटी दुकानानेच हात टेकले आणि तिथे खरोखरचा पब झाला. मॉरीनला उचलून घेतलेल्या वेनचा पुतळाही आहे. त्याच्याशेजारी नवरे बायकोला उचलून फोटो काढायला जातात आणि कंबर धरून परततात.

जवळच पडका मठ. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रॉरी ओकॉनर राज्य सोडून इथे राहिला आणि 1198 मध्ये इथेच वारला. नदीवर साधूंची मासे धरायची दगडी खोली आहे. मासा गावला की दोरी ओढून मुदपाकखान्यातली घंटा वाजवायचे, असं सांगतात. महाराजांना वैराग्य नेमकं इथेच का सुचलं असेल, याचा थोडा उलगडा होतो.

गावाचं खरं वैभव म्हणजे कालवा. मास्क आणि कॉरिब ही सरोवरं जोडायला दुष्काळी काम म्हणून उपाशी माणसांनी खडक फोडून तो खणला. खडक निघाला चुनखडीचा, पाणी आतल्या आत गडप! 1854 मध्ये काम थांबलं. आपल्याकडे बिनपाण्याचे कालवे कागदावर वाहते ठेवतात. इथे ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

पबमध्ये 1951 चा विषय जपून काढावा. मेयोने गेलिक फुटबॉलचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद शेवटचं जिंकलं तेही त्याच वर्षी. विजयी मिरवणुकीने वाटेतल्या अंत्ययात्रेला मान दिला नाही, म्हणून शाप लागला, असं म्हणतात: त्या संघातला शेवटचा गडी जिवंत असेतो कप नाही. तो गडी 2021 मध्ये गेला. कप अजून आलेला नाही, त्यामुळे शापाची राहिलेली कलमं शोधायचं काम रोज संध्याकाळी पबमध्ये चालू असतं.