लाभार्थी फडात, अर्ज गावात

दसरा झाला की बीडमधल्या धारूर, वडवणीकडचे ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठतात. एखादीचं बाळंतपण फडावरच्या कोपीतच उरकतं.

सरकार मात्र उदार! 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेतून टप्प्याटप्प्याने 1 लाख 1 हजार रुपये. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला, आधार, पासबुक एवढं जोडलं की झालं. अर्ज गावच्या अंगणवाडीत. जन्मनोंद मात्र जन्मली तिथे, 21 दिवसांत.

त्या दिवसांत आई मोळ्या बांधत असते. खाडा केला की दंडाने मुकादमाची वही जाड होते. म्हणजे 5 हजारांच्या पहिल्या हप्त्यासाठी आधी मजुरी बुडवायची, वर गरिबीचा पुरावाही आपणच आणायचा.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर बिऱ्हाड परततं. तेव्हा खिडकीपलीकडून कळतं: नोंदीला उशीर झालाय, स्वयंसाक्षांकित कागद जोडा आणि जिथे जन्मली तिथेच जा.