पंधरानेच जिंकले? शोभतं का हे!

अहो, जिंकल्याची कधी लाज वाटते का माणसाला? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात वाटते, आणि नेमकी नोव्हेंबर महिन्यात वाटते. लेक्सिंग्टनच्या रप अरीनात वीस-वीस हजार माणसं निळे शर्ट चढवून बसतात. युनिव्हर्सिटीची पोरं बास्केटबॉलच्या सामन्यात समोरच्यांना पंधरा पॉइंटांनी हरवतात. आणि ही माणसं सुतक लागल्यासारखी पार्किंगकडे निघतात. पंधराच? आणि कुणाला, तर त्यांना? अहो, त्यांना तीसने लोळवायला हवं होतं! डिफेन्स म्हणायचा का तो? आणि तो नवा उंच मुलगा, त्याचं खेळात मन तरी आहे का?

माझा भाचा शिकायला तिकडे गेला, तेव्हा तो इंजिनिअरिंग शिकेल अशी आमच्या वन्संची समजूत होती. शिकला असेलही. पण तिकडच्या संध्याकाळी सातचा सामना म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच, आणि मी दूध तापवायला ठेवते तोवर याचा मेसेज हजर: "मामी, संपलं सगळं." पहिल्यांदा माझ्या पोटात गोळाच आला. नोकरी गेली, व्हिसा अडकला की आणखी काही? चौकशी केली तर काय, सीझनचा चौथा सामना होता आणि पोरांनी फ्री थ्रो घालवले होते. चौथा! नेहमीचे सामने तीसेक, मग कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, स्पर्धा, मग मार्चमध्ये 68 संघांची राष्ट्रीय बाद फेरी. एवढं सगळं बाकी असताना हा सोन्या बारावं-तेरावं उरकून मोकळा.

त्याच्या एकट्याच्या नावाने तरी काय बोटं मोडायची? राज्यच्या राज्य या नादाला लागलंय. केंटकीत एनबीएचा संघ नाही, अमेरिकन फुटबॉलच्या किंवा बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधली टीमही नाही. सगळा जीव या कॉलेजच्या पोरांत. आठ राष्ट्रीय विजेतेपदं घरात आहेत, शेवटचं 2012 चं. चाहत्यांनी स्वतःला 'बिग ब्लू नेशन' असं नावसुद्धा घेतलंय. शहर नाही, राज्य नाही, थेट राष्ट्र! आणि राष्ट्र म्हटलं की ते रोज धोक्यात असायलाच हवं.

आता जरा जवळ या, हे मोठ्याने बोलायचं नाही. नोव्हेंबरात येणारे पाहुणे संघ असतात ना, त्यातले बरेचसे पैसे देऊन बोलावलेले असतात! हो, हो, चक्क चेक लिहून. बड्या युनिव्हर्सिटीने छोट्या कॉलेजला म्हणायचं, या आमच्याकडे, एवढे डॉलर घ्या, आमच्या मैदानावर हरा आणि जा. 'बाय गेम' म्हणतात त्याला. छोट्यांचा क्रीडा विभाग त्या पैशांवर चालतो, मोठ्यांच्या खात्यात विजय जमा होतो आणि तिकिटंही खपतात. लपूनछपून नाही हो, करार करून. आणि असा विकत आणलेला पाहुणा थोडक्यातच हरला, तर यजमानाच्या अंगणात रडारड.

बरं, पाहुण्याने हरायचं विसरलं तर? 12 नोव्हेंबर 2019. केंटकीने आठवड्यापूर्वीच न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेव्हाच्या पहिल्या नंबरच्या मिशिगन स्टेटला 69-62 असं नमवलेलं. आदल्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी मतं देऊन केंटकीला देशात पहिलं केलेलं. आणि मंगळवारी 90 हजार डॉलरला बोलावलेलं इव्हान्सव्हिल रप अरीनात आलं, 67-64 ने जिंकलं आणि चेक खिशात घालून घरी गेलं. सट्टेवाल्यांनी केंटकीला पंचवीसेक पॉइंटांचं वजन दिलं होतं म्हणे. वर मीठ चोळायचं म्हणून इव्हान्सव्हिलचा कोच कोण? वॉल्टर मॅकार्टी. 1996 साली याच केंटकीला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला खेळाडू. घरचाच मुलगा! नातेवाइकानेच असं करावं म्हणजे काय बोलायचं?

त्या रात्री काय काय ऐकू आलं म्हणता! कोच जॉन कॅलिपारी संपला. एका वर्षासाठी पोरं आणायची आणि एनबीएला धाडायची ही पद्धत मोडीत निघाली. इव्हान्सव्हिल हा मोसमातला सगळ्यात धोकादायक छोटा संघ. सगळे निकाल एका रात्रीत, आणि अपिलाची सोय नाही. पुढे काय झालं विचाराल तर तेच इव्हान्सव्हिल आपल्या मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये अठराच्या अठरा सामने हरलं. एकही नाही हो जिंकता आला! आणि केंटकीने 25 विजय, सहा पराभव अशा हिशोबाने एसईसी कॉन्फरन्स जिंकली. मार्चमध्ये कोविडने राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली, म्हणून शेवटचा न्याय तेवढा राहिला. पण नोव्हेंबरात ज्यांनी तेरावं घातलं होतं, त्यातल्या एकाने तरी जेवणावळीचे पैसे परत मागितले का? छे.

उलट्या बाजूची तऱ्हाही काही कमी नाही. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2018 मध्ये, पहिल्याच सामन्यात ड्यूकने केंटकीला 118-84 असं धुतलं. झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट ही पहिल्या वर्षाला असलेली पोरं अशी काही उडत होती की बघणाऱ्यांनी त्याच रात्री एप्रिलमधला चषक ड्यूकच्या हातात दिला. विजेता ठरला, आता सामने कशाला, नुसता वेळ आणि विजेचा खर्च! अहो, पण ते मार्चमध्ये मिशिगन स्टेटकडून एका पॉइंटाने हरले, उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर. आणि केंटकी? तेही नेमके त्याच फेरीत बाहेर पडले. चौतीस पॉइंटांचं अंतर होतं ना दोघांत, ते कुठे गेलं कोण जाणे. चषक उचलला व्हर्जिनियाने. हे व्हर्जिनिया म्हणजे आदल्या वर्षी सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून हरून अख्ख्या देशात हसू झालेलं. नोव्हेंबरात त्यांच्याकडे कोण बघतोय?

मला सांगा, हा हट्ट तरी कशावर असतो? आजकाल निम्मा संघ उन्हाळ्यात बदल्यांच्या पोर्टलवरून येतो. 2021 पासून मुलांना कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, शिवाय नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायचीही. त्यामुळे पॉइंट गार्ड टेक्सासहून आलेला, सेंटर इंडियानातून, आणि तिसरा अजून वसतिगृहाच्या खोलीचा पासवर्ड पाठ करतोय. नव्या सुनेच्या पहिल्या दिवशीच्या चहावरून संसाराचं भविष्य सांगणाऱ्या बायका आपल्या वाड्यातही होत्या. पण निदान त्या चहा प्यायच्या तरी. हे लोक तर बंद दाराआडच्या सराव सामन्यांवरही बोलतात! ऑक्टोबरात दोन कॉलेजांनी प्रेक्षकांशिवाय, कॅमेऱ्यांशिवाय एकमेकांशी खेळून बघायची पद्धत आहे. 'सीक्रेट स्क्रिमेज' असंच नाव त्याला. गुपित कसलं, संध्याकाळपर्यंत कुणी किती थ्री टाकले ते गावभर झालेलं असतं.

आकडेवाल्यांची तर बातच वेगळी. केन पॉमरॉय नावाचे एक गृहस्थ आहेत, मूळचे हवामानशास्त्रज्ञ. शंभर पझेशनमागे संघ किती पॉइंट करतो आणि किती देतो, असा हिशोब मांडून ते साडेतीनशेहून जास्त संघांची क्रमवारी लावतात. आता पावसाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाला घाईचं काय होतं ते ठाऊकच असणार. म्हणून सुरुवातीचे बरेच आठवडे ते नुसत्या झालेल्या सामन्यांवर विसंबत नाहीत, सीझनच्या आधीचा अंदाज त्यात मिसळून ठेवतात. मार्चची भाकितं करणारे नेट सिल्व्हरसुद्धा एकही चेंडू उडायच्या आधी लावलेल्या क्रमवारीला आपल्या गणितात जागा देत. म्हणजे बघा, काहीही न बघता केलेला अंदाज मार्चपर्यंत उपयोगी पडतो, आणि चार सामने डोळ्यांत तेल घालून बघून केलेला आक्रोश वाया जातो. माझा भाचा हे मानायला तयार नाही. "मामी, आय टेस्ट नावाची काही गोष्ट असते," म्हणाला. असते बाबा, चष्मा लागला की कळेल.

खुद्द एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची शिखर संस्था, तीही या नादातून सुटलेली नाही. जुनी आरपीआय पद्धत टाकून 2018 मध्ये त्यांनी 'नेट' नावाची नवी क्रमवारी काढली. नोव्हेंबर संपायच्या आत पहिली यादी जाहीरही केली, आणि पहिल्या नंबरला ओहायो स्टेट! त्या दिवशी लोक इतके हसले की विचारू नका. मार्चमध्ये ओहायो स्टेटला अकरावं मानांकन मिळालं. ती यादी महिनाभर कपाटात ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

पण सगळ्यात रंगतदार गोष्ट हवाईची. 1982 च्या डिसेंबरात होनोलुलूला शमिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजने देशातल्या पहिल्या नंबरच्या व्हर्जिनियाला 77-72 ने हरवलं. व्हर्जिनियाकडे सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन होता, तरी! त्या एका धक्क्यातून पुढे माउई बेटावरची नोव्हेंबरातली स्पर्धा जन्माला आली. समुद्र, नारळाची झाडं, आणि लहानशा हॉलमध्ये देशातले नामवंत संघ तीन दिवसांत तीन सामने खेळतात. तीन दिवसांत तीन निकाल म्हणजे उतावळ्यांची दिवाळीच की!

2024 साली तिथे कनेटिकटचा संघ गेला. लागोपाठ दोन वर्षांचे विजेते, दुसऱ्या नंबरवर, कोच डॅन हर्ली. पहिल्या सामन्यात मेम्फिसविरुद्ध ओव्हरटाइम चालू, रेफरीने यांच्या खेळाडूवर फाउल दिला, आणि हर्लीसाहेब आडवे झाले. आडवे म्हणजे कोर्टाच्या कडेला पाठीवर उताणे! पन्नाशी गाठलेला, लाखो डॉलर पगार घेणारा माणूस हो. टेक्निकल फाउल बसला, मेम्फिसला फुकटचे फ्री थ्रो मिळाले, सामना 99-97 ने गेला. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोकडून एका पॉइंटाने हार. तिसऱ्या दिवशी डेटनने अठराने मारलं. तीन दिवसांत घराणंच बुडालं म्हणायला लोक मोकळे झाले.

मला हसू यायचं कारण वेगळं. याच हर्लींचा 2022-23 चा संघ सीझनच्या आधी पहिल्या पंचविसात नव्हता. नोव्हेंबर-डिसेंबरात ओळीने चौदा सामने जिंकला, तेव्हा तेच लोक पायघड्या घालत होते. मग पुढच्या आठातले सहा हरला, तेव्हा पायघड्या गुंडाळल्या, आधीचं सगळं नशीब होतं म्हणाले. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या पोरांनी सहाच्या सहा सामने दहापेक्षा जास्त पॉइंटांनी जिंकून चषक नेला. एकाच संघाबद्दल तीनदा मत फिरवलं, आणि तिन्ही वेळा ठासून.

खरं सांगायचं तर ही बडबड दर वेळी खोटीच ठरते असं नाही, आणि माझी पंचाईत इथेच होते. माउईनंतरचा तो हर्लींचा संघ मार्चमध्ये दुसऱ्याच फेरीत गारद झाला. नॉर्थ कॅरोलायना 2022 मध्ये पहिल्या नंबरवर सुरू झाली, नोव्हेंबरात घसरली, अलाबामाशी चार-चार ओव्हरटाइम खेळून 103-101 ने हरली, ओळीने चार सामने गमावले. शेवटी राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रणही आलं नाही. पहिल्या नंबरवर सुरू झालेल्या संघावर अशी वेळ 1985 मध्ये स्पर्धा 64 संघांची झाल्यापासून कधी आली नव्हती. आणि केंटकी? 2020-21 मध्ये पहिल्या सातांत एक विजय. थोडा धीर धरा म्हणणारे शहाणे लोक थांबले, थांबले, आणि 9 विजय, 16 पराभव असा सीझन संपला. त्या वर्षी भाच्याचा पाचव्या सामन्यानंतरचा "संपलं सगळं" अगदी खरा होता. आता असा एखादा नेम बसला की पुढची दहा वर्षं त्या माणसाला कोण आवरणार? लॉटरीचं पहिलं बक्षीस लागल्यासारखा मिरवतो.

त्यात एप्रिलमधला प्रकार तर मी अजून सांगितलाच नाही. अंतिम सामना सोमवारी रात्री संपतो. विजेते शिडीवर चढून बास्केटची जाळी कापत असतात, कागदी चमचम जमिनीवर तशीच पडलेली असते, आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी पुढच्या वर्षाची पहिल्या पंचविसांची यादी छापून तयार! निर्लज्जपणे नावच ठेवलंय, 'फारच लवकरची यादी'. त्यातले निम्मे खेळाडू कोणत्या कॉलेजात जाणार ते त्यांच्या आईला माहीत नसतं. काहींनी एनबीएला नाव दिलेलं, काही पोर्टलवर बसून फोनची वाट बघत असलेले. संघच अस्तित्वात नाही, तरी त्याचा नंबर आहे. आणि केंटकीत त्या नंबरावर भांडण जुंपलेलं असतं, की आम्हाला नववं का टाकलं, सहावं का नाही?