बिस्किटात देव, तेलात मच्छरदाणी

वैरागात घर बदलायचं म्हणजे फार लांब जायचं नसतं. संतनाथ महाराजांच्या देवळाकडच्या एखाद्या बोळातून निघायचं आणि बार्शी रस्त्याला नव्या पडलेल्या प्लॉटिंगमध्ये शिरायचं. जुन्या घरी केलेला चहा नव्या घरी नेला तर गरमच पोचेल. पण तयारी बघाल तर वाटेल, मंडळी कायमची काशीला निघाली.

आमच्या गल्लीतल्या गुरुजींचंच घ्या. (कोणते गुरुजी, ते विचारू नका. निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले आणि बंगला उठला, असे गुरुजी प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतात.) जुनं घर माळवदाचं. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, तरी पावसाळ्यात खाली पातेली मांडायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली, आणि तेव्हापासून या सगळ्या पट्ट्यात ज्याला त्याला डोक्यावर स्लॅब हवा झाला. गुरुजींनाही त्याच आठवड्यात हवा झाला होता. पण मध्ये मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग आणि भावकीतली वाटणी, असे तीन धक्के बसले. स्लॅब पडला तो गेल्या दिवाळीनंतर.

मुलगा हिंजवडीत असतो. त्यानं तिकडून एक्सेल शीट पाठवली. आठ आठवड्यांचा आराखडा. रकाने असे: वस्तू, खोली, खोका क्रमांक, निर्णय. निर्णयात तीन पर्याय – न्यायची, द्यायची, टाकायची. सोबत उपदेशही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे १ जुलैला तिथं हजारो कुटुंबं एकाच दिवशी घर बदलतात. आपल्याला पाऊण किलोमीटर जायचंय, एवढं काय अवघड आहे? आठवड्यानं त्यानं शीट उघडली, तर ‘टाकायची’ या पर्यायासमोर एकच नोंद होती : ‘ही शीट’. कोणी भरली, ते अजून उघड झालेलं नाही.

क्युबेकच्या लोकांचं एक बरं आहे, त्यांच्या वस्तू त्यांच्या असतात. आमच्याकडे वस्तू एकाच्या घरात असते आणि तिच्यावरचा हक्क तिघांचा असतो. तांब्याचा बंब आत्याबाईंच्या रुखवतातला. तो त्यांनी कधी नेला नाही, पण विकला तर दिवाळीला यायच्या नाहीत. पितळी घागरींवर थोरल्या जाऊबाईंचं नाव टाक्यानं कोरलेलं. जातं हलवायला दोन माणसं लागतात आणि दळायला एकही मिळत नाही, तरी ते नव्या घरात जाणार, कारण आजी म्हणाल्या, “लगीनघरी हळद काय मिक्सरात दळणार व्हय?” घरात लग्नाचं कोणी उरलेलं नाही. हे त्यांना सांगायचं कुणी, यावर बैठक झाली आणि जातं मंजूर झालं.

आणखी दोन मोठे जिन्नस. एक चादरी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती गुरुजींच्या कपाटात किती साठवावी याला काही मर्यादा नाही. सत्कार झाला की चादर, निरोपसमारंभ झाला की चादर. त्यातल्या निम्म्या अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेल्या नाहीत. एकीच्या पिशवीवर तर देणाऱ्याचं नावही चिकटलेलंय, म्हणून ती दुसऱ्याला देता येत नाही. दुसरी ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडीलाही मानांकन आहे, म्हणजे घरातला निम्मा बोजा मानांकितच म्हणायचा. सुगी झाली, वर्षाची पोती भरली, वर कडुनिंबाचा पाला घातला, आणि मग लक्षात आलं की नव्या घरात मॉड्युलर किचन आहे. त्यात चमच्यांना ट्रॉली आहे, काट्यांना ट्रॉली आहे, बरण्यांना फिरतं कपाट आहे. पोत्याला जागा नाही. आर्किटेक्टनं नकाशात ‘मास्टर बेडरूम’ लिहिलंय तिथं आता मालदांडी राहणार, आणि मास्तर हॉलमध्ये.

एवढं सगळं एप्रिलमध्येच उरकलं असतं. मुहूर्त काढायला सोलापूरचं दाते पंचांग घरात होतं, मुहूर्त निघालाही होता. पण फरशीवाला साडूच्या लग्नाला गेला तो यात्रा करूनच परतला, आणि १७ मे उजाडला. अधिक ज्येष्ठ लागला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी आखूड पडतं, ते दिवस साठत जातात, आणि मग ट्रंकेत न मावलेल्या कपड्यांचं वेगळं गाठोडं बांधावं तसा पंचांगाला एक जादा महिना बांधावा लागतो. मागचा होता २०२३ चा अधिक श्रावण. यंदाचा १५ जूनपर्यंत. त्यात वास्तुशांती नाही, गृहप्रवेश नाही. सामान मात्र बांधून तयार.

आणि धोंड्याच्या महिन्यात जावई येतो.

जावयाला पुरणाचे धोंडे करायचे, ताम्हणात ३३ अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. काकूंनी अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घातले, आणि चौथ्या दिवशी विचारलं, “ताम्हण कुठंय?” तिथून जे सुरू झालं त्याला शोधमोहीम म्हणणं कमीच. खोकी किराणा दुकानातून आणलेली. मुलानं प्रत्येकावर मार्करनं नीट लिहिलं होतं : ‘देवघर – नाजूक’, ‘स्वयंपाकघर २’. पण घरात तो मजकूर कुणीच वाचत नाही. वाचतात ते कंपनीनं छापलेलं. त्यामुळे संवाद असे चालले :

“देवाची भांडी बिस्किटात हायत.”

“कंच्या बिस्किटात? क्रीमच्या का साध्या?”

“क्रीमच्यात गुरुजींची पेन्शनची कागदं. देव साध्यात. तेलात मच्छरदाणी.”

“मग साबणात काय?”

“साबणात पापड हायत, हात लावू नगा.”

ताम्हण शेवटी खोबऱ्याच्या खोक्यात निघालं, गोधडीत गुंडाळलेलं. पुरणयंत्र सापडलंच नाही. पुरण शेजारणीकडं वाटून आलं. जावई वर्तमानपत्र अंथरून साबणाच्या खोक्यावर बसले, पापडांचा आवाज झाला, पण जावयाला उठा म्हणायची पद्धत नाही.

कागदांचीही हलवाहलव असतेच. आधार कार्डावर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. पत्ता मात्र कितीही वेळा बदला. नव्या घराचा पत्ता काय लिहायचा, हा पेच वेगळा. डिसेंबर २०२१ मध्ये नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली, म्हणजे गावच ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत राहायला गेलं. गुरुजी अजून घरपट्टी भरायला निघताना “ग्रामपंचायतीत जाऊन येतो” म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. प्लॉटिंगला नाव दिलंय ‘ग्रीन व्हॅली’. दरी नाही, हिरवळ नाही. एक बाभळ होती, ती रस्त्यात आली.

निज ज्येष्ठातला मुहूर्त धरून पत्रिका गेल्या आहेत. २५ जुलैला आषाढी, मग चातुर्मास; त्याआधी दूध उतू गेलंच पाहिजे. चौकात फ्लेक्स आधीच लागलाय. वर नेते, मध्ये स्थानिक नेते, खाली भावी नगरसेवक, आणि अगदी कोपऱ्यात गुरुजी, आधार कार्डावरच्या फोटोतून बघतायत. पत्रिकेत तळाला ‘कृपया आहेर आणू नये’ छापलंय. याचा आमच्याकडचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे काकूंनी परतीच्या आहेरासाठी टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा आणून ठेवलाय, आणि येणाऱ्या चादरींसाठी दोन रिकामी खोकी सांगून ठेवली आहेत.

मालवाहतुकीचा प्रश्न मुलानं पुण्याच्या एका पॅकर्सवाल्याला फोन करून सोडवायचा प्रयत्न केला. त्यानं अंतर विचारलं, यानं पाऊण किलोमीटर सांगितलं, तिकडून फोन ठेवला गेला. आता भावकीतला ट्रॅक्टर येणार आहे. डिझेल गुरुजींचं, हमाल तालमीतली पोरं, जेवण काकूंकडं. म्हणजे पॅकर्सवाला स्वस्त पडला असता. पण भावकीचा ट्रॅक्टर असताना बाहेरची गाडी केली असती तर पुढची वाटणी आणखी अवघड गेली असती.

जुनं घर भाड्यानं द्यायचं ठरलंय. परवा एक नवरा-बायको बघायला आले, नवीन लग्न झालेले, बँकेत नोकरीला. खोल्या पसंत पडल्या, भाडं पटलं, डिपॉझिटही कबूल झालं. आजी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी पोरीला जवळ बोलावलं आणि मायेनं विचारलं, “बाई गं, तुमचं सामान किती हाय? जरा थोडंच आना. आमचं समदं हितंच ऱ्हानार हाय.”